माणसाले पान नंबर कुठून आणू?

एकोणीसशे एकाहत्तर साल. माझं वय चौतीस. शिक्षण सातवी, परीक्षेला बसलो होतो एवढं मी सांगतो, पुढचं कोणी विचारलं तरच सांगतो. तरी नागपुरात मराठीतून पीएच.डी. करायला निघालेला माणूस एकदा ना एकदा इतवारीत माझ्या ओट्यासमोर येऊन उभा राहायचाच. याची ज्याला शंका असेल त्यानं त्या वेळचे प्रबंध काढून पाहावेत. पुस्तकाच्या नावाखालची रेघ उकाराला न लागता सरळ गेली असेल, तर ते पान माझं.

ओटा माझा नव्हता, भांड्याच्या दुकानाचा होता. आत पितळेच्या घागरी आणि गंज रचलेले. ओट्याच्या एका टोकाला भांड्यांवर नावं कोरणारा सुदामभाऊ, दुसऱ्या टोकाला मी, माझा मराठी टाइपरायटर आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाक. तो टकटक करायचा, मी खटखट. मधून हातगाड्या. मोठे मोठे प्राध्यापक स्कूटर कोपऱ्यावर लावून, धोतराचा सोगा सावरत, गाड्यांना अंग चोरत माझ्यापर्यंत यायचे. मी कोणाकडे जात नसे. मशीन जड असतं.

घर कोष्ट्याचं. बापाचा हातमाग होता. सुताचे हाल झाले तेव्हा मी एका टायपिंगच्या क्लासात झाडझूड करायला लागलो आणि दुपारी सगळे जेवायला गेले की बोटं फिरवत शिकलो. मास्तरांनी एकदा पकडलं, पान पाहिलं, आणि झाडू दुसऱ्याकडे दिला.

लोकांना वाटतं, टायपिंग म्हणजे अक्षरं ठोकणं. अक्षरं कोणीही ठोकेल. प्रबंधाचं खरं काम पानाच्या तळाशी असतं. वर लिहिणारा जे काही दुसऱ्याचं म्हणून सांगतो, त्याच्या डोक्यावर एक बारीक आकडा बसतो, आणि त्याच आकड्यानं खाली तळटीप येते. कोणाचं पुस्तक, कोणतं, कुठे छापलं, कधी, कोणतं पान. त्या तळटिपेला जागा ठेवायची म्हणजे वरचा मजकूर कुठे थांबवायचा हे आधी कळलं पाहिजे. एक ओळ चुकली की टीप पुढच्या पानावर, आणि कार्बनच्या सगळ्या प्रतींचा सत्यानाश. मी समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका देत असे. तो ठिपका कुठे द्यायचा हे मला कोणी शिकवलं नाही, आणि मीही कोणाला शिकवलं नाही.

मग शीर्षकं. पुस्तकाच्या नावाखाली रेघ. मासिकातल्या लेखाचं नाव अवतरणचिन्हात, आणि मासिकाच्या नावाखाली रेघ. एका जुन्या प्राध्यापकांनी मला हे असं समजावलं होतं, की पुस्तक म्हणजे घर आणि लेख म्हणजे त्यातली खोली. घराला रेघ, खोलीला चिन्ह. हे ज्ञान त्यांचं. पण मराठीत रेघ मारली की ती उकाराच्या पोटातून जाते आणि 'कुसुम'चं भलतंच काहीतरी होतं. त्यावर मशीनचा रूळ अर्धा दात फिरवून रेघ खाली न्यायची, ही युक्ती माझी. ती कोणाकडून ऐकलेली नाही.

आता 'तत्रैव'चं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळणार नाही. एकाच पुस्तकाचा हवाला लागोपाठ द्यायचा असेल तर दर वेळी सगळं लिहीत नाहीत, नुसतं 'तत्रैव' लिहितात. म्हणजे वरच्यासारखंच. एक गृहस्थ संत्र्याच्या व्यापारावर प्रबंध करत होते. सगळं टाईप झालं, आणि शेवटच्या घटकेला त्यांना सासऱ्याची आठवण झाली. सासरे वैद्य. त्यांची मूळव्याधीच्या घरगुती उपचारांवर एक पुस्तिका होती आणि तिच्यात संत्र्याच्या सालीवर एक परिच्छेद होता. "एवढी एक टीप मध्ये घाला, सासरे खूष होतील." मी म्हटलं, मध्ये घालू नका. ते म्हणाले, घाला. मी घातली.

खालच्या सगळ्या टिपा 'तत्रैव'. रेल्वेनं किती वाघिणी संत्री कलकत्त्याला गेली? तत्रैव. आडत्याची दलाली काय होती? तत्रैव. आधी हे हवाले बाजार समितीच्या अहवालाचे होते, आता सगळे मूळव्याधीच्या पुस्तिकेचे झाले. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "तुमचे सासरे वैद्य आहेत की स्टेशनमास्तर?"

ते गृहस्थ माझ्यावरच चढून आले. पानं फुकट बदलून द्या म्हणाले. त्या दिवशी मी सुदामभाऊकडून पत्र्यावर एक पाटी कोरून घेतली: टाईप झालेलं पान पुन्हा टाईप होणार नाही. पाटी मशीनच्या वर खिळ्याला टांगली. खूप जणांनी विनवण्या केल्या. पाटी हलली नाही.

त्या एकाहत्तर सालच्या दिवाळीआधी कुसुमबाई आल्या. कॉलेजात मराठी शिकवायच्या, वय माझ्याहून कमी. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या, वडील गिरणीत. प्रबंधाचा विषय होता विणकर बायांची बोली: मागावर बसणाऱ्या, ताणा करणाऱ्या बाया कोणत्या वस्तूला काय म्हणतात, कोणत्या किनारीला काय नाव आहे आणि ते का. कॉलेजनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की शेवटच्या तारखेच्या आत प्रबंध दाखल झाला तर नोकरी कायम, नाहीतर त्या जागेवर दुसरं कोणी. तारीख पुढच्या शनिवारची होती.

काम चोख होतं. सगळं टाईप झालं, मागची संदर्भसूचीसुद्धा. सूची म्हणजे वापरलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी, आडनावाप्रमाणे अ-आ-इ-ई लावलेली. राहिलं होतं फक्त चौथं प्रकरण. त्याच्या तळटिपा मी वाचल्या आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"बाई, हे काय आहे? 'भागाबाई, उमरेड.' दर टिपेत भागाबाई, उमरेड. पुस्तकाचं नाव कुठी आहे?"

"पुस्तक नाही, भाऊ. बाई आहे."

"छापलं कोणी?"

"कोणी नाही छापलं. ती बोलली, मी लिहून घेतलं."

"अन् पान नंबर?"

"माणसाले पान नंबर कुठून आणू?" त्या अशा मोठ्यानं म्हणाल्या की सुदामभाऊची छिन्नी थांबली.

मी म्हटलं, पान नंबर नसलेली टीप माझ्या मशीनवर चढत नाही. त्या म्हणाल्या, सरांनी परवानगी दिली आहे. सर म्हणजे त्यांचे मार्गदर्शक. सरळ माणूस, नियमाला पक्का. त्यांचं म्हणणं असं होतं: तोंडी माहिती चालेल, पण नोंद इतरांसारखी पुरी पाहिजे. आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव, गाव. ती सूचीतही आली पाहिजे. 'भागाबाई, उमरेड' एवढ्यावर परीक्षक प्रकरण उभं राहू देणार नाहीत. तसंच असेल तर ते प्रकरण काढून टाका.

"मग पुरं नाव लिहा नं."

"तेच मिळून नाही राहिलं," कुसुमबाई म्हणाल्या. "आडनाव आष्टनकर. पण भागाबाई नवऱ्याचं नाव घेत नाही. जुन्या वळणाची आहे."

"नवऱ्यालेच विचारा."

"तो म्हणते, तिनं घेतलं तरच लिहा."

मला हसू आलं, आणि खरं सांगतो, शंकाही आली. बोलीतले ते शब्द मी वाचले होते. त्यातले काही मी माझ्या घरी कधी ऐकले नव्हते. मी म्हटलं, "बाई, मी कोष्ट्याचा पोट्टा आहो. मले माग सांगू नका. यातलं अर्धं तुमच्या मनचं दिसते."

कुसुमबाईंनी पदर खोचला. "उद्या रविवार आहे. ओटा बंद. चला माझ्यासंगं उमरेडले. स्वतः पाहा, मंग बोला."

नाही म्हटलं असतं तर सुदामभाऊनं वर्षभर ऐकवलं असतं. गेलो.

एसटीतून उतरून आम्ही विणकरांच्या गल्लीत शिरलो. भागाबाई ओसरीत बसल्या होत्या. म्हातारी बारीक, पण आवाज असा की मागाच्या खटक्यावरून पलीकडे जाईल. आत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांचे यजमान बसले होते. गल्लीत सगळे त्यांना पैलवान म्हणायचे. अंगानं आता पैलवानासारखे राहिले नव्हते, मिशा राहिल्या होत्या.

"या वं कुसुम," भागाबाई म्हणाल्या, "अन् हा कोण बावा? जावई करतं का?"

"टायपिस्टभाऊ आहे, आजी. नारायणभाऊ. तुमचं बोलणं हाच कागदावर उतरवते."

"असं का? कोणाचा गा तू?"

मी बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. भागाबाईंनी मला मागाजवळ नेलं आणि एका साडीच्या किनारीवर बोट ठेवलं. "सांग, याले काय म्हणते?"

मी ताठपणे सांगितलं. माझ्या घरी म्हणायचे ते नाव.

"कोणाचं सांगून राहिला?"

"कोणाचं म्हणजे? मले माहीत आहे."

"तुले कसं माहीत असन? तू का पोटातून शिकून आला? मायनं सांगतलं का आत्यानं?"

ऐकलं होतं, पण कोणाकडून ते कधी लक्षात ठेवलं नव्हतं. म्हातारी कुसुमबाईंकडे वळली. "मी सांगतो ते ऐक. याले आम्ही चिमणचोच म्हणतो. हे माझं नाही. हे माझ्या सासूनं सांगतलं. सासूले तिच्या आत्यानं, ते पवनीची. पवनीले दुसरं म्हणत असन तं मले माहीत नाही."

मी तिथे तासभर बसलो. भागाबाईंनी एकही शब्द हवाल्यावाचून उच्चारला नाही. हे सासूचं, हे मावशीचं, हे शेजारणीचं अन् तिचा भरवसा नाही, हे माझं स्वतःचं. आपण तळटिपा नुसत्या ठोकल्या, असं मला वाटलं. ही बाई तळटिपा बोलत होती. वर्षानुवर्षं प्राध्यापकांचे कागद टाईप करून जे माझ्या डोक्यात बसलं नव्हतं, ते त्या ओसरीत बसलं: पान नंबर हा पत्ता आहे. ज्याच्याकडून घेतलं त्याच्यापर्यंत परत जाता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. आणि आम्ही तर एसटीनं येऊन बसलो होतो.

मी म्हटलं, "आजी, लिहितो मी तुमचं. पान नंबर नको. पण नाव पुरं पाहिजे."

"लिही नं. भागाबाई आष्टनकर."

"मधलं?"

"मधलं तिथं बसलं आहे," त्या मागाकडे हात करून म्हणाल्या. "दिसत नाही का?"

मी मागाकडे गेलो. "पैलवानजी, नाव सांगा."

"तिले विचारा."

"ते सांगत नाही."

"मंग नका लिहू."

शेजारचे चार लोक जमले होते. एक म्हणाला भिवाजी. दुसरा म्हणाला, नाही गा, भीमाजी, रेशनवर तसंच आहे. पैलवान खड्ड्यातून ओरडले, "दोघंही लबाड! त्याइचं ऐकून लिहाल तं मी नागपूरले येऊन खोटं आहे म्हणीन!"

मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. त्या दिवशी मला जोडीदार भेटला. मी खड्ड्याच्या काठावर बसलो. "पण काहून असं, पैलवानजी? या बाईची नोकरी जाते ना शनिवारी."

त्यांनी आडवं सूत नेणारा धोटा हातातून खाली ठेवला. "हे पाहा बावा. संसार झाला, पोरं झाली, नातवं झाली. हे बुढी मले 'अहो' म्हणते, 'ऐकलं का' म्हणते, 'कुठी मेला' म्हणते. नाव नाही घेतलं कधी."

"लग्नात तं घेतलं असन. उखाण्यात."

"घेतलं होतं. तवा वाजंत्री वाजून राहिली होती. मले ऐकू नाही आलं."

ओसरीत जमलेल्या बाया एकदम हसत सुटल्या. भागाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आगं माय! एवढ्यासाठी अडून बसला हा बुढा?"

कुसुमबाई त्यांच्याजवळ सरकल्या. "आजी, घ्या न नाव. माझ्यासाठी."

"तुह्यासाठी का त्याच्यासाठी?"

"दोघांसाठी."

"लाज वाटते वं."

"सासूची आत्या पवनीची, हे सांगाले लाज नाही वाटली!" पैलवान म्हणाले.

"चूप बसा!" भागाबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "लिहिल्यावर मी कुठी बसणार, ते सांग आधी."

मी सांगितलं, मागे एक यादी असते. त्यात मोठे मोठे लेखक असतात. अ-आ-इ-ई प्रमाणे रांग लागते, वशिला चालत नाही.

"मले त्याच रांगीत बसवशील? का शेवटी कोपऱ्यात?"

"रांगेतच. तुमच्या जागेवर."

"शब्द दे."

मी दिला. मागाचा खटका बंद होता, गल्लीतल्या बाया उंबऱ्यात उभ्या होत्या. भागाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, नवऱ्याकडे पाठ केली आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हटलं:

"मागाचा खटका दिवसभर, अन् रातभर यायचा खोकला,
भिवाजीरावानं नावापायी बाईचा ग्रंथ रोखला!"

गल्लीनं जो काही गोंगाट केला तो मला आजही ऐकू येतो. भिवाजीरावांनी धोटा उचलला, पुन्हा ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा घे. गोंगाटात नाही आलं ऐकू."

"आता नातवाच्या लग्नात!" म्हातारी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढचं थोडक्यात. प्रबंध वेळेत दाखल झाला, कुसुमबाईंची नोकरी कायम झाली, आणि त्याच कॉलेजातून त्या प्राचार्य होऊन निवृत्त झाल्या. मंजूर झालेली प्रत घेऊन त्या उमरेडला गेल्या तेव्हा मीही गेलो. भिवाजीरावांनी विचारलं, "माझं कुठी आहे?" मी बोट ठेवून दाखवलं. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बारीक आहे. पण आहे." एक मात्र मनाला लागून राहिलं. माझी माय तोवर वारली होती. तिच्याकडे मागाचे किती शब्द होते आणि ते तिला कोणी दिले, हे मी कधी विचारलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या परतीच्या एसटीचं. कुसुमबाई खिडकीशी बसून कागदावर नोंद नीट लिहीत होत्या: आष्टनकर, भागाबाई भिवाजी, उमरेड. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

"भाऊ."

"काय?"

"आष्टनकर. 'आ'."

माझ्या ते उखाण्याच्या आधीच, शब्द देतानाच लक्षात आलं होतं. सूचीत सगळ्यात वर सरांचं स्वतःचं पुस्तक होतं; त्यांचं आडनाव 'उ'चं. 'आ' त्याच्याही वर. म्हणजे भागाबाई पहिल्या. आणि पहिल्या ओळीवर एक नाव आलं, की खालची सगळी सूची एकेक नोंद खाली सरकते, पानामागून पान, शेवटपर्यंत. सगळी टाईप झालेली. सगळी कार्बनसकट.

"तुमची पाटी मी वाचली आहे," कुसुमबाई हळूच म्हणाल्या. "शेवटी 'पुरवणी' म्हणून एका ओळीत टाकू. सर चालवून घेतील."

"शेवटी म्हणजे कोपऱ्यात."

"हो, पण तुमचा नियम..."

"नियम मले माहीत आहे. मीच केला," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातला नोंदीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर ओट्यावर गेलो. सुदामभाऊ नुकताच छिन्न्या मांडत होता. मशीनवरचं कापड काढलं. जुनी रिबन काढून नवी घातली. खिळ्यावरची पाटी काढून ती अक्षरांची बाजू भिंतीकडे करून पुन्हा टांगली. सुदामभाऊ म्हणाला, "काय गा नारायण, कोण मेलं?" कोरे कागद आणि कार्बन सारखे करून रुळावर चढवले, वर मधोमध 'संदर्भसूची' लिहिलं, त्याखाली रूळ अर्धा दात फिरवून रेघ मारली, आणि पहिल्या ओळीवर 'आ' ठोकला.